आमची बोट ठरते

मी लोणारला कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवितो. लोणारचे नाव घेतले की बाहेरगावच्या माणसाला सरोवर आठवते आणि त्याचा पुढचा प्रश्न ठरलेला असतो, "मग बोटिंगची मोठी चैन असेल तुमच्याकडे!" त्याला काय सांगावे? आमच्या सरोवरात होडी चालत नाही. उल्का आदळून काळ्या खडकात पडलेला हा १.८ किलोमीटर व्यासाचा खड्डा. तळाशी पाणी आहे, पण ते खारट आणि क्षाराने भारलेले. पूर्वी लोक त्यातून क्षार काढीत. दल्ला, खुप्पल, पापडी अशी त्याच्या प्रकारांची नावे जुन्या गॅझेटिअरात वाचायला मिळतात. २०२० च्या जूनमध्ये हेच पाणी एकाएकी गुलाबी झाले आणि साऱ्या देशाने त्याचे फोटो पाहिले. त्या फोटोंतही कुणाला होडी दिसली नसेल. एवढ्या प्रसिद्ध पाण्याच्या काठी राहून वयाच्या शेहेचाळिसाव्या वर्षापर्यंत मी कधी पाण्यावर पाऊल ठेवले नव्हते.

आणि तरीही गेली एकवीस वर्षे मी समुद्र शिकवीत आलो आहे! मराठी कविता हाती घेतली की समुद्र चुकत नाही. भवसागर, पैलतीर, तारू, नावाडी, सुकाणू, दीपस्तंभ. आमची संतमंडळी देहू-आळंदीची, पैठण-मंगळवेढ्याची. त्यांतल्या कितीजणांनी समुद्र पाहिला असेल कोण जाणे, पण भवसागर तरून जाण्याची भाषा सर्वांच्याच तोंडी. मीही त्यांच्याच भरवशावर वर्गात निर्धास्तपणे वादळे उठवीत होतो. गेल्या वर्षी बारावीच्या वर्गात मी फळ्यावर एक वाक्य लिहिले, 'तारू बंदरात नांगरले.' आणि त्याचा अर्थ विचारला. मागच्या बाकावरचा एक मुलगा उभा राहिला. घरी चार एकर कोरडवाहू. तो म्हणाला, "सर, बोटीनं बंदरातलं वावर नांगरलं." वर्ग हसला. मी हसलो नाही. त्या मुलाचे चुकले काय? आमच्याकडे नांगर म्हटला की जमिनीत घुसणारा फाळ. जहाजाला जागच्या जागी धरून ठेवणारा नांगर त्याने पाहिला कुठे? मी समजावून सांगू लागलो, साखळी कशी असते, अंकडे कसे असतात, ते तळाच्या चिखलात कसे रुततात. तेवढ्यात पुढच्या बाकावरच्या एका मुलीने विचारले, "सर, तुम्ही बसले काय कधी बोटीत?"

मी "नाही" म्हणालो. तास संपायला अजून वीस मिनिटे होती. ती फार लांबली.

संध्याकाळी ही हकीकत मी घरी रंगवून सांगितली. माझी अपेक्षा अशी, की सगळे हसतील. आमची कन्या सोळा वर्षांची. या वयाच्या मुलींना आपल्या विनोदाला हसू येत नाही, हे मी अनुभवाने शिकलो आहे. ती पुस्तकातून मान वर न करता म्हणाली, "मग बसा की एकदा." चिरंजीव तेरा वर्षांचे. त्यांनी ताबडतोब फोन उघडला आणि दहा मिनिटांत आमच्या पुढ्यात एक पांढरीशुभ्र, अकरा मजल्यांची, रात्री दिव्यांनी लखलखणारी बोट आणून उभी केली. "बाबा, क्रूझ! मुंबईहूनच निघते."

योग असा, की वेतन आयोगाच्या थकबाकीचा राहून गेलेला एक हप्ता त्याच महिन्यात माझ्या खात्यात जमा झाला होता. अशा पैशांना घरात पाय लवकर फुटतात. छताची गळती होती, माझ्या आईच्या डोळ्याचे ऑपरेशन होऊन गेले होते, आणि कन्येची अकरावी चालली होती. बारावीनंतर ती बाहेरगावी वसतिगृहात जाणार, हे आता जवळजवळ ठरल्यासारखेच आहे. त्यानंतर आम्ही चौघे एकाच वेळी, एकाच सुटीत, कुरकुर न करता एकत्र सापडू की नाही, याची मला शंका होती. ती शंका मी बोलून दाखविली नाही. पण छताची गळती आणखी एक पावसाळा सोसेल, असे मात्र म्हणालो.

"तुम्ही तिघे जा," सौ. म्हणाली. "मला बोट लागते."

हे मला नवीन नव्हते. सौ.चे माहेर अलिबाग तालुक्यातले, रेवसपासून दोन-तीन कोसांवर. लग्नाला अठरा वर्षे झाली. एवढ्या वर्षांत आम्ही मुंबईला कितीदा उतरलो आणि तिथून तिच्या माहेरी गेलो, पण प्रत्येक वेळी पनवेल, पेण, वडखळ असा लांबचा वळसा घालून. भाऊच्या धक्क्यावरून किंवा गेटवेवरून बोटीने तासाभरात पलीकडे जाता येते, हे ठाऊक असूनही. 'बोट लागते' म्हटल्यावर पुढे काय बोलणार? कुणाला एस.टी. लागते, कुणाला बोट लागते. मी तो विषय कधी उकरून काढला नाही. आईलाही घेऊन जाण्याचा प्रश्न नव्हता, निदान आम्हांला तसे वाटत होते. म्हणून आम्ही तिघांनी सौ.चे मन वळेपर्यंत नुसती चौकशी करून ठेवावी, असे ठरविले.

नुसती चौकशी! वाचकांपैकी ज्यांनी मुलीचे स्थळ पाहिले आहे, त्यांना या शब्दाचा अर्थ सांगायला नको.

पहिला वाद नावावरून. मी मराठीचा प्राध्यापक, तेव्हा क्रूझ या शब्दाला घरात सहजासहजी दार उघडणे मला शोभले नसते. 'नौकाविहार' म्हणावे तर राजाराणी डोळ्यांपुढे येतात. 'जलपर्यटन' म्हणावे तर सरकारी खात्याचा वास येतो. 'आगबोट' हा माझा लाडका शब्द, पण तो ऐकून चिरंजीव दचकले, "आग? बोटीत?" शेवटी सौ.चा शब्द सर्वांनी उचलला. ती आत स्वैपाकघरातून नुसते 'बोट' म्हणत होती.

दुसरा वाद कुठे जावे याचा. परदेशी जाणाऱ्या बोटींना पारपत्र हवे. आमच्या घरात ते एकाकडेही नाही, म्हणून तो बेत पहिल्याच दिवशी गळाला. देशातल्या देशात जायला फोटोचे ओळखपत्र पुरते. त्यात तीन तऱ्हा. मुंबईहून गोव्याला जाऊन परत येणे, दोन रात्री. लक्षद्वीपला जाऊन येणे, त्याला अधिक रात्री आणि अधिक पैसे. आणि तिसरी तऱ्हा मोठी मजेची. कुठेही न जाता बोट नुसती खोल समुद्रात जाते आणि परत येते. "म्हणजे आपल्या खड्ड्याला एक चक्कर मारण्यासारखंच," कन्या म्हणाली आणि ती तऱ्हा बाद झाली. चिरंजीवांचा ओढा लक्षद्वीपकडे. मी गोव्याच्या बाजूचा, कारण मनात हिशेब असा, की माणसाने पहिल्यांदा पोहायला उतरावे ते कमरेइतक्या पाण्यात. दोन रात्री सोसल्या तर पुढे चार सोसतील.

मग भाडे. जाहिरातीतला आकडा मोठ्या टाइपात असतो आणि तो एका माणसाचा असतो. त्याखाली बारीक अक्षरांत बंदराचे शुल्क, जीएसटी, नोकरचाकरांचे इनाम अशी मंडळी दाटीवाटीने बसलेली असतात. एका केबिनमध्ये दोघांचे भाडे पूर्ण, तिसऱ्या-चौथ्याचे पुष्कळदा कमी, हे कळल्यावर मी चौघांसाठी एकच केबिन असा निर्णय जाहीर केला. त्यावर घरात जे मौन पसरले, त्याला मी आधी संमती समजलो. रात्री कन्येने स्वच्छ अक्षरांत लिहिलेला एक कागद माझ्या टेबलावर ठेवला. त्यावर केबिनची लांबीरुंदी आणि आम्हां चौघांची उंची होती, आणि शेवटी एकच ओळ, 'भाऊ घोरतो.' दोन केबिन घ्याव्यात तर मुलांना स्वतंत्र केबिन मिळत नाही. प्रत्येक केबिनमध्ये एक तरी प्रौढ माणूस असावा लागतो, असे आम्हांला सांगण्यात आले. म्हणजे नवराबायकोंनी दोन बाजूंना वाटून घ्यायचे. सहलीचा हा प्रकार मला नवा होता.

मुलांच्या वयाचाही घोटाळा. बोटीवर लहानांसाठी खेळघर असते. त्याच्या नावानेच चिरंजीवांना अपमान वाटला. मोठ्यांसाठी कॅसिनो असतो, तिथे दोघांनाही मज्जाव, आणि त्यात मला आनंदच होता. मधल्या वयाला उरतात ते पोहण्याचा तलाव, नाटकघर, दोर बांधलेली चढायची भिंत आणि जेवणाचे टेबल. मी म्हणालो, "मग तुम्ही करणार काय?" कन्या म्हणाली, "फिरू." "कुठे?" "कुठेही." आणि मग थोड्या वेळाने, "बाबा, तिथे मी रात्री नऊला एकटी बाहेर पडले तरी तुम्ही अडवणार नाही. जाऊन जाऊन जाणार कुठे? कठड्यापर्यंत."

ही गोष्ट मला पटली. मोबाईलची रेंज किनारा सुटला की थोड्याच वेळात जाते आणि बोटीवरचे इंटरनेट वेगळे पैसे मोजून घ्यावे लागते, हे ऐकून मात्र दोघांचीही तोंडे उतरली. मी ते पैसे भरायचे नाहीत, हे त्याच क्षणी मनाशी ठरवून टाकले. क्रूझचा एवढा एक गुण कुठल्याच जाहिरातीत छापलेला नाही, याचे आश्चर्य वाटते.

एका रविवारी संध्याकाळी आम्ही तिघे सरोवराच्या काठावर गेलो. चिरंजीवांनी बोटीची कुंडली आणली होती. 'एम्प्रेस' तिचे नाव. १९९० साली फ्रान्समध्ये बांधली, तेव्हा नाव होते 'नॉर्डिक एम्प्रेस'. पुष्कळ वर्षे दूरच्या समुद्रांत फिरली आणि २०२१ च्या सप्टेंबरपासून मुंबईहून निघू लागली. लांबी २१० मीटर. त्याने समोरच्या काठाकडे बोट दाखविले. "या काठापासून त्या काठापर्यंत अशा आठ बोटी एकामागे एक उभ्या राहतील." आम्ही तिघेही गप्प राहून त्या आठ बोटी पाहू लागलो. खाली कमळजा देवीच्या बाजूला पाण्यावर ऊन उतरले होते. रोजचे सरोवर मला त्या दिवशी प्रथमच मोठे वाटले, आणि बोटही.

घरी आल्यावर त्याने तेच आईला सांगितले. वर पुस्ती जोडली, "जुनी आहे गं, पण भक्कम. पस्तीस वर्षं झाली."

सौ. पोळ्या लाटीत होती. ती म्हणाली, "जुन्या बोटीत तुम्हांला मी पाठवणार नाही."

"तू येऊ नकोस, तुला बोट लागते," तो म्हणाला.

तेव्हा कन्येने विचारले, "आई, तू कुठल्या बोटीत बसली होतीस?"

प्रश्न साधा होता. अठरा वर्षांत तो मला सुचला नव्हता. सौ.ने लाटणे खाली ठेवले. म्हणाली, "कुठल्याच नाही."

त्या रात्री जेवणे उशिरा झाली. सौ.च्या आजीला एकच भाऊ होता. एकोणीस वर्षांचा, मुंबईला एका छापखान्यात लागलेला. १७ जुलै १९४७ ला सकाळी भाऊच्या धक्क्यावरून 'रामदास' बोट रेवसला निघाली, तीत तो होता. आषाढाची अखेर, भर पावसाळा. बोटीवर सुमारे सातशे माणसे. एका मोठ्या लाटेने ती कलली, माणसे भिऊन एका बाजूला धावली आणि बोट उलटली. रेवस फार दूर राहिले नव्हते. सहाशेहून अधिक माणसे बुडाली. स्वातंत्र्य महिन्याभरावर आले होते. त्या गडबडीत देशाने ही गोष्ट लवकर मागे टाकली असेल, पण अलिबाग तालुक्यातल्या घरांनी टाकली नाही. सौ.च्या आजीने त्या दिवशी भाऊ यायचा म्हणून घावने घातली होती. तिने पुढे साठ वर्षांच्या आयुष्यात घावने घातली नाहीत आणि घरातल्या कुणाला बोटीत पाय ठेवू दिला नाही. माणसे लग्नाला, दवाखान्याला, नोकरीला पेणवरून गेली. आजी वारली तेव्हा सौ.चे लग्न व्हायचे होते. मनाई करणारे माणूस गेले, पण मनाई तशीच राहिली. तिला काही तरी नाव पाहिजे, म्हणून ती 'बोट लागते' म्हणू लागली. मला भीती वाटते, असे म्हणण्यापेक्षा ते सोपे होते.

हे सगळे तिने मला कधी का सांगितले नाही, असा रुसवा मला आला होता, हे कबूल करतो. पण मीच कधी विचारले होते?

मुलांवर या गोष्टीचा जो परिणाम झाला, त्याची मला कल्पना नव्हती. मला वाटले, चिरंजीव भितील किंवा विसरतील. त्याने दुसऱ्या दिवसापासून पोहण्याचा तलाव आणि चढायची भिंत सोडून दिली आणि बोटी बुडतात कशा, त्या बुडू नयेत म्हणून काय करतात, याचा ध्यास घेतला. शाळेतून आला की आईला धडा देई. टायटॅनिक १९१२ साली बुडाली. तीत सगळ्यांना पुरतील एवढ्या जीवरक्षक होड्याच नव्हत्या. त्यानंतर १९१४ साली लंडनला देशांनी मिळून पहिला करार केला. २०१२ साली इटलीच्या किनाऱ्यावर 'कोस्टा कॉन्कॉर्डिया' आडवी झाली, तेव्हा त्याच दिवशी चढलेल्या कित्येकांची सराव-कवायत व्हायची होती. पुढे नियम झाला, की प्रवाशांची कवायत बोट सुटण्यापूर्वी किंवा सुटताक्षणीच व्हायला हवी. "आई, त्या कवायतीत सगळ्यांना जावंच लागतं. आपली होडी कुठली, ते आधी दाखवतात. 'रामदास'वर हे कुणी कुणाला दाखवलं होतं?" सौ. भाजी चिरताना ऐकून घेई. कधी 'हं' म्हणे, कधी म्हणत नसे. एकदा मात्र तिने मध्येच विचारले, "आणि पावसाळ्यात?" त्याने सांगितले, की मुंबईहून या बोटीच्या फेऱ्या पावसाळ्यात बंद असतात. पूर्वी कोकणच्या बोटीही पावसाळ्यात बंदच राहत. मग रेवसची का चालू होती, असे सौ.ने विचारले. त्याला उत्तर देता आले नाही. मलाही आले नाही.

कन्येची तऱ्हा वेगळी. तिने काही वाचून दाखविले नाही. एक दिवस ती म्हणाली, "दोन रात्री राहू दे. आई, मे महिन्यात आपण मामाकडे जाणारच आहोत. एकदा तासाभराच्या बोटीनं जाऊ या. मोटारी नेणारी बोट आहे, भाऊच्या धक्क्यापासून मांडव्याला. २०२० सालापासून चालते. नको वाटलं तर धक्क्यावरून परत फिरू आणि पेणवरून जाऊ. मी तुझ्याबरोबर येईन, हे दोघे बोटीनं जातील." मी तिच्याकडे पाहत राहिलो. मी अठरा वर्षांत जे केले नव्हते, ते ही मुलगी एका वाक्यात करीत होती, आणि परत फिरण्याचा रस्ता आधी मोकळा ठेवून करीत होती.

निघताना माझ्या आईने सौ.च्या हातात एक नारळ दिला. "दर्याले वाहजो," एवढेच म्हणाली. आईने समुद्र पाहिलेला नाही. समुद्राला नारळ वाहतात, हे तिला कुणी सांगितले कोण जाणे.

जालन्यापर्यंत एस.टी., पुढे रात्रीची गाडी आणि सकाळी भाऊचा धक्का. धक्क्यावर मासळीचा वास, बर्फाच्या गाड्या, ओरडा. आणि बाजूला ही बोट, खालच्या मजल्यावर मोटारी आणि मोटारसायकली गिळीत असलेली. सौ. माझ्याकडे न पाहता कन्येचा हात धरून चढली. परत फिरण्याच्या रस्त्याचे नाव कुणी काढले नाही. आत थंडगार खुर्च्यांची खोली होती, तिथे ती पहिली पाच मिनिटे बसली. मग उठून वर उघड्या मजल्यावर आली.

मी माझ्या बाजूने पुष्कळ तयारी करून गेलो होतो. प्रथमच बोटीत बसतो आहे, तेव्हा काही तरी थोर वाटेल, एखादी ओळ सुचेल, असे मनात होते. प्रत्यक्षात मला वाटला तो खालच्या इंजिनाचा थरथराट, तळपायांत. आणि दिसला तो नांगर. दूर उभ्या असलेल्या एका मालवाहू जहाजाची साखळी सरळ पाण्यात उतरलेली होती. मी चिरंजीवांना फोटो काढायला सांगितला. जूनमध्ये वर्ग भरले की मागच्या बाकाला दाखवीन म्हटले.

सौ. कठड्याला धरून उभी होती. तिने विचारले, "रेवस कुठल्या बाजूला?" चिरंजीवांनी फोनवर नकाशा उघडून हात केला, डावीकडे पुढे, जिथे किनारा धुरकट दिसत होता तिकडे. ती तिकडे पाहत राहिली. पाणी मातकट, शांत. त्यावर काही खूण नव्हती आणि असणारही नव्हती. मधून मधून ती नकाशाकडे पाही आणि पुन्हा पाण्याकडे. मुले तिच्या दोन बाजूंना उभी होती. मी जरा मागे राहिलो. त्या तिघांमध्ये मला त्या वेळी जागा नव्हती, आणि ते मला बरे वाटले.

मांडवा आले तेव्हा सौ. म्हणाली, "एवढंच?" तिच्या आवाजात राग होता. कुणावर, ते मी विचारले नाही.

नारळ पिशवीतच राहिला होता. तो आठवला थेट तिच्या भावाच्या अंगणात. आता तो परत जाऊन वाहायचा, की मांडव्याच्या किनाऱ्यावर, यावर थोडी चर्चा झाली. शेवटी मेहुण्याने तो फोडला. रात्री सौ.ने घावने घातली आणि त्यांच्याबरोबर त्याच नारळाचा रस काढला. त्या घरात घावने नक्की किती वर्षांनी झाली, ते कुणी बोलले नाही. मुलांनी मात्र हिशेब न ठेवता खाल्ली.

लोणारला परतल्यावर बोट ठरविण्याचे काम सौ.ने आपल्याकडे घेतले, आणि जे आम्हां तिघांना तीन महिने जमले नव्हते, ते तिने आठ दिवसांत केले. गोव्याची बोट, दोन रात्री. दिवाळीच्या सुटीतच, पण भाऊबीज उलटल्यावर आणि शनिवार-रविवार सोडून, कारण त्या दिवसांत भाडे उतरते. केबिन बोटीच्या मध्यभागी आणि खालच्या मजल्यावर, कारण तिथे हेलकावे कमी जाणवतात. (आता तिला बोट लागेल की नाही, हे प्रथमच खरोखर कळणार आहे.) सज्जाची केबिन नको, पैसे वर आले आहेत का? इंटरनेट नको. हे शेवटचे मी न सांगता तिने ठरविले आणि मुलांचा रोष परस्पर तिच्यावर गेला.

एवढे सगळे ठरल्यावर, पैसे भरायच्या आदल्या संध्याकाळी, ओसरीवरून माझी आई म्हणाली, "मले कोणी इचारलं नाही." आम्ही सगळे एकमेकांकडे पाहू लागलो. तिला चौऱ्याहत्तर वर्षे पूर्ण आहेत, आणि तिच्या डोळ्याचे ऑपरेशन होऊन वर्षसुद्धा झालेले नाही. "तुला त्रास होईल," मी म्हणालो. "मंग डोया कायले केला नीट?" ती म्हणाली. या प्रश्नाला माझ्यापाशी उत्तर नव्हते.

तेव्हा आता आम्ही पाचजण आहोत आणि केबिन दोन आहेत. एक खिडकीची, एक बिनखिडकीची. दोन्ही खिडकीच्या परवडत नाहीत. केबिनचे क्रमांक निवडण्याची वेळ आली तेव्हा चिरंजीवांनी बोटीचा नकाशा उघडून खुलासा केला, की मुंबईहून दक्षिणेला जाताना किनारा डाव्या हाताला राहतो. रात्री दिवे दिसले तर त्याच बाजूला दिसतील.

"मग डावीकडचीच घे," सौ. म्हणाली. "बंदरातून बाहेर पडताना रेवसही त्याच बाजूला येईल ना?"

हा अंक वाचकांच्या हाती पडेल तेव्हा आमच्या घरात बॅगा भरणे चालू असेल. आईने धारेचे पाणी एका बाटलीत भरून ठेवले आहे. ते बोटीवर नेऊ देतील की नाही, याची चौकशी व्हायची आहे. नारळ या खेपेला दोन घेतले आहेत. खिडकीची केबिन आजी, सुनबाई आणि नात यांची. आम्हां बापलेकांच्या वाट्याला बिनखिडकीची आली आहे, आणि तो घोरतो.